शेतातून जाणारी सायकलवाट: विदर्भात खाजगी जमिनीची परवानगी मागण्यापासून ती टिकवण्यापर्यंत

माउंटन बाइक चालवण्याजोगी जमीन विदर्भात भरपूर आहे. गाविलगडच्या पायथ्याचे मुरमाड उतार, बुलढाण्याकडे उतरलेल्या अजिंठा रांगेच्या सोंडा, यवतमाळचं पठार, रामटेकच्या टेकड्या. पण यातला चांगला भाग वनखात्याकडे आहे. मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, बोर आणि नवेगाव-नागझिरा असे पाच व्याघ्र प्रकल्प एकट्या विदर्भात आहेत. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही आणि राखीव जंगलाला १९२७ चा भारतीय वन अधिनियम लागू आहे. तिथे गुपचूप वाट काढणाऱ्यांना माझा ठाम विरोध आहे. मग उरते ती शेतकऱ्याची जमीन: बरड (मुरमाड, हलकी जमीन), पडीत, धुरे (शेतांच्या हद्दीवरचे बांध) आणि दोन गावांमधली जुनी पायवाट.

ही जमीन मालकाच्या मर्जीने मिळते आणि त्याच्या मर्जीनेच राहते. ही मर्जी मागायची कशी, कागदावर आणायची कशी आणि पुढे सांभाळायची कशी, ते या लेखात सांगतो. काम एका आठवड्यात होत नाही. उन्हाळ्यात सुरुवात केली, तर पावसाळ्यानंतर वाट चालू होईल असा हिशेब धरा.

पहिली पायरी: जमीन कोणाची, ते कागदावर पाहा

गुगलच्या उपग्रह नकाशावर मोकळी दिसणारी जागा मोकळी असतेच असं नाही. वाट कुठून जाईल याचा कच्चा ट्रॅक करा आणि महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गाव उघडून तो कोणकोणत्या गट किंवा सर्व्हे नंबरांमधून जातो ते लिहून काढा. मग महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर एकेक सातबारा पाहा. सहीचा डिजिटल उतारा हवा असेल तर १५ रुपयांत मिळतो, पण चौकशीपुरता बिनसहीचा फुकट उतारा पुरतो.

सातबाऱ्यावर चार गोष्टी पाहायच्या. नावं किती आहेत: एकच की सामाईक? भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ (म्हणजे हस्तांतरणाला सरकारची परवानगी लागते अशी जमीन)? ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिलंय: विहिरीचा वाटा, रस्त्याचा हक्क, कुळाचं नाव, बँकेचा बोजा? आणि गाव नमुना बारामध्ये पीक कोणतं, पडीत किती?

वर्ग २ ची जमीन, भूदानाची जमीन किंवा आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर पैशाचा, भाड्याचा कोणताही व्यवहार करू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६अ मध्ये आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरणावर, भाडेपट्ट्यावरही, कडक बंधनं आहेत. तुमच्या हौसेपायी एखाद्या कोरकू किंवा गोंड कुटुंबाच्या जमिनीची चौकशी लागावी, इतकं वाईट काही नाही. अशा ठिकाणी मिळाली तर बिनमोबदला, तोंडी परवानगी घ्या, नाहीतर वाट बाजूने वळवा.

उताऱ्यावर ‘झुडपी जंगल’ असं दिसलं तर तिथेच थांबा. पूर्व विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत हा शब्द महसुली कागदांत जागोजागी आहे आणि २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जंगल जमिनी वन म्हणूनच धराव्यात असं सांगितलं आहे. शेजारचा शेतकरी ‘आमचीच आहे’ म्हणाला तरी तो विषय वनखात्याचा. ई-क्लास म्हणजे गुरचरणाची सरकारी जमीन. तिच्यासाठी ग्रामपंचायतीत बोलावं लागतं, आणि गुराख्यांशी तर त्याहून आधी. गडचिरोलीसारख्या ठिकाणी ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. २००९ मध्ये मेंढा-लेखा हे त्यातलं पहिलं नाव होतं. अशा गावात ग्रामसभेचा निर्णय येईपर्यंत चाक पुढे नेऊ नका.

एक सोपी गोष्ट बरेच जण पाहतच नाहीत. गावाच्या जुन्या नकाशावर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीवाट आणि एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट. जिथे पांधण रस्ता, म्हणजे शेतांमधून जाणारी सार्वजनिक वाट, नकाशावर आहे तिथे खाजगी शेतात शिरायची गरजच नसते. आधी पांधण वापरा. दोन पांधणींना जोडणारा मधला तुकडा जेवढा लहान, तेवढी तुम्हाला मागावी लागणारी परवानगी लहान. नकाशा ऑनलाइन नीट दिसत नसेल तर पटवाऱ्याला भेटा. पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालं असलं तरी गावात पटवारी म्हटलं की काम होतं.

दुसरी पायरी: जमीन कसतो कोण, ते गावात विचारा

सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस नागपुरात किंवा पुण्यात नोकरीला असतो. जमीन बटईने (पिकाच्या वाट्यावर) किंवा मक्त्याने (ठरलेल्या रकमेवर) दुसऱ्याकडे असते. रोज पहाटे तिथे येणारा तिसराच, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला सालगडी. परवानगी कायद्याने पहिल्याची हवी, पण वाट चालू राहील की नाही ते दुसऱ्या-तिसऱ्यावर ठरतं. शहरातल्या मालकाने फोनवर ‘जा ना, काही हरकत नाही’ म्हटलं आणि बटईदाराला कोणी विचारलंच नाही, तर त्याला ते अपमानास्पद वाटणारच. त्याच्या जागी मलाही वाटलं असतं. मजुरी त्याची, पीक त्याचं, आणि रस्ता मात्र त्याच्या नकळत दुसऱ्याने दिलेला. तिघांनाही भेटा.

घरातल्या बाईला विसरू नका. निंदण, वेचणी, भाजीपाला, शेळ्या हे सगळं तिच्याकडे असतं आणि सायकलवाले येतात-जातात ते तिच्याच नजरेसमोरून. ‘वहिनी, तुम्हाला अडचण काय होईल?’ हा प्रश्न तिला सरळ विचारा. जी उत्तरं भाऊ देत नाहीत, ती तिथे मिळतात.

सगळ्यात नाजूक जागा म्हणजे धुरा. विदर्भात धुऱ्याचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालतात, आणि सख्ख्या भावांमध्ये जास्त. सामाईक सातबाऱ्यावरच्या एका भावाने परवानगी दिली की ती दुसऱ्या भावाविरुद्ध वापरली जाऊ शकते: ‘पाहा, इथून माझ्या परवानगीने लोक जातात, म्हणजे धुरा माझा.’ म्हणून पानठेल्यावर, चहाच्या टपरीवर आधी कानोसा घ्या. धुऱ्याची मोजणी निघालीय का, तहसीलात केस आहे का, एवढं कोणीही सांगतं. वाद असेल तर तो धुरा कायमचा सोडा, वाट कितीही सुंदर असली तरी.

तिसरी पायरी: शेतकऱ्याला भीती कशाची, ते समजून घ्या

परवानगी मागायला जाण्याआधी हे पक्कं डोक्यात असलं पाहिजे, कारण नकार देताना शेतकरी खरं कारण क्वचितच बोलतो.

पहिली भीती वहिवाटीची. आज वाट दिली, उद्या हक्क सांगतील. ही भीती निराधार नाही. १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षं उघडपणे, शांततेने, अखंड आणि हक्क म्हणून केलेल्या वापरातून रस्त्याचा हक्क निर्माण होऊ शकतो. पण ‘हक्क म्हणून’ या शब्दांवर सगळं अवलंबून आहे. परवानगी मागून केलेला वापर हक्क म्हणून केलेला धरला जात नाही. त्यामुळे लेखी परवानगी ही शेतकऱ्याच्या जमिनीची राखण आहे, आणि विनापरवाना जाणारा सायकलवालाच त्याच्यासाठी जास्त धोक्याचा आहे. हे त्याला शांतपणे समजावून सांगा. कागद म्हटला की मागे सरकणारे बरेच जण हे ऐकून पुढे येतात.

दुसरी भीती कुळाची. विदर्भासाठी १९५८ चा स्वतंत्र कूळ कायदा आहे, आणि ‘दुसऱ्याला शेतात येऊ दिलं अन् जमीन गेली’ अशा आठवणी घराघरांत सांगितल्या जातात. सायकल चालवणारा काही जमीन कसत नाही, त्यामुळे कुळाचा प्रश्न उद्भवत नाही. तरी ही भीती आजोबांपासून आलेली असते. तिच्यावर हसू नका. कागदावर एक ओळ लिहून द्या, म्हणजे झालं.

तिसरी भीती अपघाताची. अमेरिकेत बहुतेक राज्यांमध्ये, विनामूल्य खेळायला जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित करणारे कायदे आहेत. स्कॉटलंडने तर २००३ च्या कायद्याने जबाबदारीने फिरण्याचा हक्कच लोकांना दिला. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. म्हणून ‘काही होत नाही, भाऊ’ असं म्हणू नका. गटातल्या प्रत्येकाचा अपघात विमा काढा, प्रत्येकाकडून ‘माझ्या जोखमीवर चालवतो’ असं लिहून घ्या आणि त्या कागदांची प्रत मालकाला द्या. याने कायद्याची जबाबदारी पूर्ण संपत नाही, पण तुम्ही त्याला अंगावर घ्यायला लावत नाही आहात हे त्याला दिसतं.

चौथी भीती चोरीची, आणि ती रोजची आहे. मोटरपंप, केबल, ठिबकच्या नळ्या, संत्री. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यात बागेजवळ अनोळखी माणूस दिसला की शंका येणारच. पाचवी भीती मात्र बहुतेक जण मोकळेपणाने बोलून दाखवतात: ‘सायकल त चालते भाऊ, पण मंग तिथून मोटारसायकली घुसतीन, त्याईले कोन रोकन?’ या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवून जा. सायकल उचलून पार करता येईल पण मोटारसायकल जाणार नाही अशी अरुंद, वळणदार फट दोन दगडांमध्ये किंवा लाकडी खांबांमध्ये ठेवता येते. ती आम्ही आमच्या खर्चाने करू आणि तुटली तर दुरुस्त करू, एवढं वचन द्या.

चौथी पायरी: भेट

मृगाच्या आसपास पेरणीच्या धांदलीत जाऊ नका. सोयाबीन काढणीच्या दिवसांत, म्हणजे सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्येही नको. चांगला काळ होळीनंतरचा. गुढीपाडव्याला सालगड्याचं वर्ष संपतं आणि नवं ठरतं. वर्षभराच्या गोष्टी बोलायची तीच रीत आहे, तुमची परवानगीही त्याच रीतीत बसवा.

संध्याकाळी, गुरं कोठ्यात आल्यावर घरी जा. गावातल्या ओळखीच्या एकाला सोबत घ्या. सायकल, हेल्मेट, रंगीत जर्सी हे सगळं बाजूला ठेवून साध्या कपड्यांत जा, आणि दोघा-तिघांपेक्षा जास्त नको. रामराम म्हणा, बसा, पाऊसपाण्याचं विचारा, चहा प्या. बोलायचं ते मात्र स्पष्ट बोला: किती जण, कोणत्या दिवशी, किती वाजता, शेताच्या कोणत्या कडेने. ‘कधीमधी येऊ’ असं मोघम बोललात तर शेतकरी सगळ्यात वाईट अर्थ धरून चालतो, आणि त्याने तसं धरलेलं बरंच.

मग दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर जमिनीवर पायी चाला. हे चालणं टाळू नका. कुठून जायचं ते त्यालाच दाखवू द्या. पाणी कुठे साचतं, साप कुठे असतात, आग्या मोहोळ कोणत्या झाडावर बसतं, कोणती विहीर बिनकठड्याची आहे हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसतं. त्याने सुचवलेली वाट तुमच्या आखलेल्या वाटेपेक्षा कमी मजेची असली तरी तीच घ्या. त्याने आखलेली वाट तो स्वतः सांभाळतो.

पैशाचं काय? माझं मत: वाटेचं भाडे देऊ नका. भाडे आलं की कागदाचं स्वरूप बदलतं, शेजारी दर विचारतो, आणि दोन वर्षांत सगळा मार्ग सौद्याचा होतो. त्याऐवजी श्रम द्या. उन्हाळ्यात एक दिवस त्याच्या नालीचा गाळ काढा, फुटलेला धुरा बांधा, काटेरी कुंपण नीट करा. जेवण त्याच्याकडे सांगा आणि त्याचे पैसे चोख द्या. पिठलं-भाकरी असो की वांग्याची भाजी, त्या घराला ते उत्पन्न मानाचं वाटतं. स्पर्धा भरवायची असेल, प्रवेशशुल्क घ्यायचं असेल तर गोष्ट वेगळी. त्याची वेगळी लेखी परवानगी, ग्रामपंचायत आणि पोलीस ठाण्याला पत्र आणि मालकाला ठरलेला वाटा हवा.

सरपंच आणि पोलीस पाटलांना मालकाच्या होकारानंतर भेटा. आधी त्यांच्याकडे गेलात तर मालकावर दबाव आणल्यासारखं होतं.

पाचवी पायरी: कागद

साध्या कागदावर, मराठीत, एका पानात. मालकाच्या शब्दात, मालकाने सही करून दिलेलं पत्र. मजकूर असा ठेवता येईल:

‘मी, ________, राहणार मौजा ________, तालुका ________, माझ्या मालकीच्या मौजा ________ येथील गट/सर्व्हे नंबर ____ मधून, सोबतच्या नकाशात दाखवलेल्या वाटेने, खाली सही करणाऱ्या मंडळींना सायकल नेण्यास तात्पुरती व विनामोबदला परवानगी देत आहे. ही परवानगी दिनांक ____ पासून दिनांक ____ पर्यंत आहे. या वापरातून वहिवाट, कूळ, भाडेपट्टा किंवा अन्य कोणताही हक्क निर्माण होत नाही व होणार नाही. वाटेवर केलेली कामे तात्पुरती असून मालकाने सांगताच काढून टाकली जातील. मी ही परवानगी केव्हाही, कारण न देता मागे घेऊ शकतो. सायकल चालवणारे स्वतःच्या जोखमीवर वाट वापरतील व झालेले नुकसान भरून देतील.’

खाली मालक, बटईदार असल्यास तो, सामाईक असल्यास सगळे खातेदार आणि तुमच्याकडून दोघे. दोन साक्षीदार गावातले. मूळ प्रत मालकाकडे ठेवा, तुम्ही झेरॉक्स घ्या. कागद त्याच्या रक्षणाचा आहे तर तो त्याच्या पेटीत असावा.

‘कामे तात्पुरती’ ही ओळ कधीही गाळू नका. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० प्रमाणे साधी परवानगी मालक मागे घेऊ शकतो, पण परवानगीच्या भरवशावर कोणी खर्च करून कायमस्वरूपी बांधकाम केलं असेल तर ती मागे घेणं अडू शकतं. म्हणून सिमेंटचा पूल, काँक्रीटचा उतार, लोखंडी फाटक यांच्या वाटेला जायचंच नाही. आणि कलम ५९ लक्षात ठेवा: जमीन विकली गेली की नवा मालक जुन्या परवानगीला बांधील नसतो. नागपूरच्या आसपास शेतं झपाट्याने विकली जातात. खरेदीची कुणकुण लागली की नव्या मालकाला पहिल्याच आठवड्यात भेटा.

परवानगी नसताना जाणं हा फक्त शिष्टाचाराचा प्रश्न नाही. त्रास देण्याच्या किंवा गुन्ह्याच्या हेतूने दुसऱ्याच्या जागेत शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, आणि ‘निघून जा’ म्हटल्यावरही हट्टाने थांबलात तर हेतू नव्हता हे पटवणं कठीण होतं. मालक ‘जा’ म्हणाला की जायचं. वाद नंतर, घरी जाऊन.

सहावी पायरी: वाट आखणं

इथे मातीचा स्वभाव ओळखावा लागतो. काळ्या मातीत वाट काढूच नका. ती पाण्याने फुगते, उन्हात भेगाळते. ओली असताना चाक गेलं की चर पडतो आणि तोच चर वाळून उन्हाळाभर दगडासारखा राहतो. त्यात बैलाचा पाय अडकला तर? वाट बरडावरून, मुरमावरून, खडकावरून न्या. शेतकऱ्यालाही तेच परवडतं, कारण तिथे पीक नसतं.

अवकाळी पावसानंतर केव्हा चालवायचं याचं माप शेतकऱ्याकडे आधीच आहे: वाफसा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी अवस्था. शेतात वाफसा येऊन डवरे (पिकाच्या ओळींत चालवायचं बैलाचं औजार) चालवता येईल अशी माती झाली की सायकल चालेल, तोपर्यंत नाही. हे शब्दशः तसंच गटाला सांगून ठेवा आणि शंका असेल तर मालकाला फोन करा.

समतल बांधांची काळजी सगळ्यात जास्त घ्यायची. उतारावर पाणी अडवायला घातलेला बांध एकाच जागी सायकलींनी ओलांडला की माथ्यावर खाच पडते. बांधाच्या मागे साठलेलं पाणी सर्वात खालच्या जागेतून वाट काढतं, म्हणून पहिल्या मोठ्या पावसात सगळा लोंढा त्या दोन-चार बोटं खोल खाचेतूनच जातो, खाच रुंदावते आणि सकाळपर्यंत बांध फुटलेला असतो. खालच्या शेतातली माती, बियाणं, खत वाहून जातं. शेतकऱ्याला कारण अचूक कळतं आणि तुमची वाट त्याच दिवशी संपते. म्हणून बांध किंवा धुरा ओलांडायचा तो एकाच ठरलेल्या ठिकाणी, दोन्ही बाजूंनी आणि माथ्यावर सपाट दगड घट्ट बसवून, माथा मूळ उंचीपेक्षा थोडा वरच ठेवून. धुऱ्याच्या माथ्यावरून लांबलचक चालवत जायचं नाही.

उतारावर वाट आडवी न्या. वाट सरळ खाली सोडली की पाणीही तिच्यातूनच खाली जातं. जगभरच्या सायकलवाटा बांधणाऱ्यांचा एक नियम इथेही लागू पडतो: वाटेचा चढ हा टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा, आणि एकूण वाटेचा सरासरी चढ दहा टक्क्यांच्या आत. वाटेची बाहेरची कड किंचित खाली झुकती ठेवा, आणि अधूनमधून एक लहानसा चढ-उतार द्या, म्हणजे पाणी वाटेवरून धावण्याऐवजी बाजूला उतरतं.

हत्यारं कुदळ, फावडं, सब्बल, घमेलं, विळा एवढीच. जेसीबी नको. झाड तोडू नका. सागवान, मोह, जांभूळ यांसारखी झाडं खाजगी जमिनीवर असली तरी १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याने त्यांना परवानगी लागते. वाट बिनकठड्याच्या विहिरीपासून आणि शेततळ्यापासून लांब न्या. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून पडलेल्या माणसाला वर चढता येत नाही.

शेताचं वर्ष हेच तुमचं वेळापत्रक

जून ते सप्टेंबर वाट बंद. हे पत्रातच लिहून टाकलेलं चांगलं. या काळात चिखल असतो, गवत वाढलेलं असतं, साप असतात आणि कपाशी-सोयाबीनवर फवारणी चालू असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले होते. फवारणी चालू असलेल्या शेताच्या वाऱ्याच्या दिशेने तासभर धापा टाकत सायकल चालवणं धोक्याचं आहे.

ऑक्टोबरपासून कपाशीची वेचणी सुरू होते आणि फेब्रुवारीपर्यंत चालते. वेचणाऱ्या बाया सकाळी शेतात असतात, कापसाची गाठोडी धुऱ्यावर असतात. त्या दिवशी त्या शेताकडून जाऊ नका. डिसेंबर-जानेवारीत तूर कापून पेंढ्या रचलेल्या असतात, हरभरा घाट्यावर येतो. हरभऱ्याचा एक डहाळाही तोडायचा नाही. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी ते एप्रिल. त्या काळात बागेच्या कडेची वाट सोडून पांधणीने जा. पूर्वेकडे भंडारा, गोंदियात धानाच्या बांध्यांमधून सायकल नेण्याचा विचारच करू नका. तिथल्या पाऱ्या, म्हणजे बांध्यांच्या कडा, पाणी धरतात आणि त्या अरुंद, मऊ असतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला लोक भल्या पहाटे झाडाखाली असतात, पाठोपाठ तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. जंगलालगतच्या गावांत हे वर्षाचं मोठं उत्पन्न आहे. त्यांच्या अंगावरून वेगाने जाणं म्हणजे त्यांच्या कामाच्या जागेत घुसणं.

वेळ, आणि तारा

सूर्य नीट वर आल्यावर सुरुवात करा आणि तो मावळायच्या तासभर आधी शेतातून बाहेर असा. याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही जिवाशी निगडित. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळच्या टिपेश्वर भागात पहाट आणि संध्याकाळ ही वाघ-बिबट्याची वेळ. गावातली माणसंच त्या वेळी एकटी फिरत नाहीत. दुसरं कारण तारांचं. रानडुकरांपासून पीक वाचवायला काही ठिकाणी रात्री कुंपणाच्या तारेत थेट वीजप्रवाह सोडला जातो. हे बेकायदा आहे आणि यात माणसं मेली आहेत. सौर कुंपणाचा झटका ठरावीक अंतराने येतो आणि सहसा जीव घेत नाही, थेट जोडलेल्या तारेचं तसं नाही. पहिल्या भेटीतच विचारा: तार कुठे आहे, कशावर आहे, केव्हा बंद होते? आणि कोणतीही तार हाताने किंवा सायकलने ढकलून पाहू नका.

वाटेवर वागणं

माणूस, बैलजोडी, शेळ्यांचा कळप दिसला की सायकलवरून उतरा. घंटी वाजवत मागून जाऊ नका, लांबूनच आवाज द्या. फाटक जसं होतं तसं ठेवा: लावलेलं असेल तर लावा, उघडं असेल तर उघडंच राहू द्या. ठिबकच्या नळीवरून, स्प्रिंकलरच्या पाइपवरून चाक नेऊ नका, सायकल उचला. विहिरीचं पाणी विचारून घ्या. शेतीला वीज अनेकदा रात्री मिळते, त्यामुळे हिवाळ्यात सकाळी ओलिताचं शेत चिखलाचं असू शकतं. दिसलं तर परत फिरा.

हेल्मेटवरचा कॅमेरा गावठाणात आणि शेतात बाया काम करत असताना बंद ठेवा. पंपघर, बाग, कोठा यांचे फोटो नकोत. अपघात झाला तर १०८ ला फोन करा आणि मालकालाही लगेच कळवा. त्याला दुसऱ्याकडून कळता कामा नये. त्यासाठी वाटेवरच्या दोन-तीन ठळक जागा, जिथे रुग्णवाहिका येऊ शकते, आधीच ठरवून गटात वाटून ठेवा.

ट्रॅक कोणाला द्यायचा

परवानगी तुमच्या नावांना मिळालेली असते. स्ट्राव्हावर, म्हणजे सायकलफेऱ्या नोंदवायच्या ॲपवर, तुम्ही ट्रॅक सगळ्यांसाठी खुला टाकला की जी माणसं त्या घरी कधी चहा प्यायली नाहीत, ती त्याच वाटेने येतात. म्हणून त्या वाटेच्या राइड फक्त स्वतःपुरत्या ठेवा, तिथे सेगमेंट (वेळेची चुरस लावायचा तुकडा) बनवू नका, हीटमॅपमधून (सगळ्यांच्या फेऱ्या एकत्र दाखवणाऱ्या नकाशातून) आपला डेटा वगळा. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणीही भर घालू शकेल अशा खुल्या ऑनलाइन नकाशावर, वाट टाकायची असेल तर मालकाला विचारून टाका, आणि तिथे ‘परमिसिव्ह’ म्हणजे मालकाच्या मर्जीवर खुली अशी खूण आहे, तीच लावा. गटात नवा माणूस आला की त्याचं नाव मालकाला कळवा. वर्षभरात गट वाढून दुप्पट झाला तर परवानगीही नव्याने मागा.

वाटेवर काटे पडले तर

एखाद्या रविवारी वाटेवर बोरी-बाभळीच्या फांद्या आडव्या टाकलेल्या दिसतात. हा नकार आहे आणि स्पष्ट आहे. काटे बाजूला करून जाऊ नका, शेजारच्या शेतातून वळसाही घालू नका. तिथूनच परत फिरा आणि त्या दिवशी संध्याकाळी दोघे जण घरी जा. पहिलं वाक्य ‘आमच्याकडून काही झालं का?’ एवढंच असू द्या, आणि मग ऐका. बऱ्याचदा कारण तुमचं नसतं: भावाशी भांडण झालेलं असतं, मोटर चोरीला गेलेली असते, दुसराच कोणी गट हुल्लडबाजी करून गेलेला असतो. नुकसान तुमच्याकडून झालं असेल तर त्याच आठवड्यात भरून द्या, आकडा त्याला ठरवू द्या. गावातल्या पुढाऱ्याकडून, पोलिसांकडून निरोप पाठवण्याची चूक करू नका. त्याने वाट एखाद्या वेळी उघडेलही, पण ती भीतीने उघडलेली असेल आणि पुढच्या पेरणीपर्यंतच टिकेल.

पाडव्याची भेट, आणि वाट बंद करायची वेळ

दर पाडव्याला सगळ्या मालकांकडे जा. सोबत नवं पत्र, नव्या सदस्यांची यादी, विम्याच्या प्रती. वर्षात काय बिघडलं ते विचारा. पोळ्याला बैलांच्या झुलीसाठी, दिवाळीला घरी, लग्नकार्याला आमंत्रण आलं तर आवर्जून. ही ये-जा परवानगीसाठी करत असाल तर ते ओळखू येतं, त्यामुळे मनापासून करता येत नसेल तर निदान थोडकी आणि प्रामाणिक ठेवा.

कधी ना कधी एखादा तुकडा बंद होईलच: जमीन विकली जाईल, बाग लावली जाईल, मुलगा नको म्हणेल. तेव्हा आठवडाभरात आपली सगळी खूणचिठ्ठी उतरवा, खांब काढा, खड्डे बुजवा, दगड मालक सांगेल तिथे रचून द्या. घट्ट झालेली माती कुदळीने मोकळी करा आणि दोन्ही तोंडांवर काट्या टाका. ओपनस्ट्रीटमॅपवर खूण बदलून ‘खाजगी’ करा, गटाला नवा ट्रॅक द्या, जुना प्रत्येकाच्या फोनमधून पुसायला सांगा. मग मालकाला सोबत घेऊन तो तुकडा शेवटचा पायी दाखवा आणि जुन्या पत्रावर ‘परवानगी संपली’ असं लिहून, तारीख टाकून, सही करून द्या.